विरंगुळा केंद्र पुरेसं नाही
ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं असताना त्यांना दिवसभर सांभाळणारं वेगळं डे केअर कशाला, असं काही जण विचारतात. पण विरंगुळा केंद्रात आपल्या पायांनी येणारेच येतात, पेपर वाचतात, कॅरम खेळतात. माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. दुपारची गोळी समोर बसून द्यावी लागते, बाथरूमला हात धरून न्यावं लागतं, दार उघडं दिसलं की 'घरी जाते' म्हणत त्या चपला शोधतात. अशांसाठी देखभाल शिकलेलं माणूस आणि ने-आण करणारी गाडी हवीच. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार ज्येष्ठांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. तशी वॉर्डावॉर्डात डे केअरची व्हायला हवी. पटसंख्येअभावी बंद पडलेल्या पालिका शाळांचे तळमजले त्यासाठी का देऊ नयेत?