गेट बंद करून काय साधणार?
शाळेत उशिरा येणाऱ्यांसाठी गेट बंद करा, ही सूचना काही पटली नाही. दहा मिनिटं उशीर झालेलं पोरगं मग अख्खा दिवस बुडवतं. घरी जातं की फुटाळा तलावावर, देव जाणे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) सहावी ते आठवीला वर्षात किमान २२० दिवस शाळा. त्यातले दहा टक्के बुडाले तर ते होतात २२ दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन खाडे. म्हणूनच ते कोणाच्या नजरेत भरत नाहीत. हजेरीपट महिनाअखेरी नाही, दर शनिवारी बघा. दुसऱ्या खाड्यालाच वर्गशिक्षकांनी घरी फोन लावावा, रागवायला नव्हे, कारण विचारायला. ऑटोवाला आला नाही, धाकट्याला सांभाळायचं होतं, असंच काहीतरी निघतं. त्या ऑटोवाल्याशी मुख्याध्यापक एकदा बोलले, तरी बरेच उशीर थांबतील.