वर्ष झालं की कार सीट पुढे वळवायची? साफ चूक

बेल्टपथ

कालच्या धाग्यात, बालसीटमध्ये मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवण्यावर (रिअर फेसिंग), हायवेवाला यांनी लिहिलं: "रिअर फेसिंग हे स्वीडनचं फॅड आहे. आपल्या गाड्या लहान, पोराचे पाय दुमडतात, रडारड होते. वर्ष झालं की सीट पुढे वळवा, नाहीतर आईच्या मांडीवर बसवा." तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आधी मांडी. ताशी 50 किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. धडकेत गाडी साठेक सेंटिमीटर चेपून थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट हिसका बसतो. 10 किलोचं मूल तेवढ्यापुरतं 160 किलोचं होतं, आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत घडतं. एवढं वजन कुणाच्याच हातांत राहत नाही. दोघांना एका बेल्टमध्ये गुंडाळलं तर आईच्या वजनाखाली मूल चिरडतं.

आता मान. जन्मतः डोकं शरीराच्या लांबीच्या पाव भाग असतं. मानेच्या मणक्यांचे भाग तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान हाडाने जुळतात, तोवर मध्ये कूर्चा असते. पुढे तोंड असेल तर धडकेत हार्नेस (बालसीटचे स्वतःचे पट्टे) खांदे धरून ठेवतो, डोकं मात्र पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ एकत्र शेलमध्ये, म्हणजे सीटच्या कडक पाठीत, दाबली जातात. पहिल्या वाढदिवसाला या हाडांत काहीही बदलत नाही.

आणि पाय दुमडतात म्हणून काय झालं? मुलं घरीही मांडी घालूनच बसतात.

हायवेवाला

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर पूर्ण उत्तर ऐका. ज्या अभ्यासावरून "पाचपट सुरक्षित" हे वाक्य जगभर फिरलं, तो 2007 चा अमेरिकन अभ्यास 2018 मध्ये मागे घेतला गेला. आकडेमोडीत चूक होती. फेरतपासणीत दोन्ही दिशांना इजा इतक्या कमी निघाल्या की फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाला नाही. हे तुम्ही लिहिलं नाहीत.

दुसरं, इथल्या बहुतेक 0+/1 गटाच्या, म्हणजे तान्हेपणापासून चालणाऱ्या, सीट मागे तोंड करून 13 किलोपर्यंतच चालतात. फक्त तान्ह्यांसाठीच्या बकेट सीटमध्ये तर वजन भरायच्या आधीच डोकं शेलच्या वर येतं. मग पालकांनी काय करायचं, दुसरी महागडी सीट घ्यायची?

तिसरं, अल्टोत सहप्रवाशाच्या मागे ही सीट लावा आणि पुढे प्रौढ माणूस बसवून दाखवा. गुडघे डॅशबोर्डला लागतात.

बेल्टपथ

अभ्यास मागे घेतला गेला, मान्य. मी त्याचा आधार घेतलेलाही नाही. फेरतपासणीतही कल मागे तोंड असलेल्यांच्याच बाजूने होता, फक्त नमुना छोटा पडला. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2018 मध्येच "दोन वर्षांपर्यंत मागे तोंड" ही वयाची अट काढली आणि सीटच्या कमाल मर्यादेपर्यंत मागे तोंड ठेवा असं सांगितलं. युरोपच्या बालसीटसाठीच्या आर129 नियमात तर 15 महिने आणि 76 सेंटिमीटर, दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय पुढे वळवायची परवानगीच नाही.

13 किलोचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन 12.2 किलो आहे, मुलीचं 11.5. आपली बरीच मुलं त्याहून हलकी असतात. म्हणजे तुमच्याच सीटवर दोन वर्षं सहज निघतात. मग वर्षाला वळवायचं कारण काय? बकेट लवकर अपुरी पडते हे खरं. म्हणून तर आधीच कन्व्हर्टिबल, म्हणजे दोन्ही दिशांना बसणारी सीट, घ्या म्हणतो.

कव्हरबंदी

तुम्ही दोघं किलोंवर भांडताय. आपल्याकडे सीट ढिल्या राहतात त्या सीट कव्हरमुळे, हे कुणी बोलत का नाही? शोरूममधून गाडी बाहेर पडायच्या आत जाड रेक्झिनचं, आतून फोम लावलेलं कव्हर चढतं. मागच्या बेल्टची बकलं त्याच्या खाली गाडली जातात. आयसोफिक्सच्या दांड्या (बालसीट बेल्टशिवाय थेट गाडीला जोडायच्या) पाठ आणि बैठकीच्या फटीत असतात, त्याही झाकल्या जातात. बेल्टने बसवलेली सीट आज घट्ट वाटते, पण तो फोम दबत जातो आणि पंधरा दिवसांत सीट हलायला लागते.

कव्हर काढा. निदान मागच्या बाकाचं तरी. तेही जमत नसेल तर शिवण उसवून दांड्यांपुरती चीर पाडा. भाड्याच्या कॅबमध्ये बसण्याआधी बकल वर ओढून दाखवायला सांगा. अर्ध्या गाड्यांत ते हाताला लागत नाही.

न्यूजर्सीकर

कव्हरइतकाच मोठा घोळ अमेरिकेतून आणलेल्या सीटचा आहे. नातवंडांसाठी आजीआजोबा बॅगेतून घेऊन येतात. त्यातल्या बऱ्याच मागे तोंड करून 18 किलोपर्यंत चालतात, म्हणून मोह होतो. पण तिथल्या गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तो लॉक होऊन फक्त आतच जातो. इथल्या बहुतेक गाड्यांत बेल्ट फक्त हिसक्याला लॉक होतो. सीटवर स्वतःचं लॉक-ऑफ (बेल्ट घट्ट धरून ठेवणारी पकड) नसेल तर ती रस्त्याच्या प्रत्येक वळणावर सैल होते. मग एक तर आयसोफिक्सच्या दांड्यांना त्या सीटचे पट्ट्याचे हुक लावा, नाहीतर धातूची लॉकिंग क्लिप बकलच्या अगदी जवळ बसवा.

कव्हरबंदी

धातूची क्लिप? ती नीट बसवणारा माणूस किती गावांत मिळेल? उगाच लोकांना नादी लावू नका. इथली आर44 (आर129 च्या आधीचा नियम) किंवा आर129 ची खूण असलेली सीट घ्या. गोलातला ई आणि त्याशेजारचा आकडा बघा. नसेल तर ती प्लास्टिकची खुर्ची आहे.

न्यूजर्सीकर

नादी कोण लावतंय? ज्यांच्या घरी ती सीट आधीच आलीय त्यांना ती फेकून द्या म्हणून मोकळे व्हायचं? क्लिपची चित्रं मॅन्युअलमध्ये असतात. वाचायचे कष्ट नकोत म्हणून चांगली सीट बाद करू नका.

घाटवाट

हे सगळं ठीक आहे. पण पोलीस कुठे पकडतात? कायद्यात मागे तोंड असा शब्द तरी आहे का?

बेल्टपथ

नाही. मोटार वाहन कायद्याच्या 194ब कलमात चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसीट एवढंच आहे, दंड 1000 रुपये. पण मान दंडाच्या भीतीने वाचत नाही.

आणि लॉक-ऑफचा विषय निघालाच आहे, तर बसवण्याची रीत लिहितो. मागे तोंड असताना बेल्ट निळ्या खुणांतून जातो, पुढे तोंड असताना लाल. सर्रास होणारी चूक म्हणजे सीट मागे वळवलेली आणि बेल्ट लाल खाचेतून. आधी कमरेचा पट्टा ओढा, मग खांद्याचा. ओढताना दुसऱ्या हाताने सीट बाकात दाबून धरा, मग लॉक-ऑफ बंद करा. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा. वरच्या टोकाला हलणारच, तिथे तपासू नका.

हार्नेसचे पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खाली. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत घेऊन पाहा. घडी धरता आली तर सैल आहे. जाड स्वेटर हार्नेसखाली नको. तान्ह्याला जास्त आडवं ठेवा, साधारण 45 अंश, नाहीतर हनुवटी छातीला टेकून श्वास अडतो. सपोर्ट लेग (सीटला खालून टेकू देणारी दांडी) असेल तर ती गाडीच्या टणक फरशीवर हवी, फरशीतल्या सामानाच्या कप्प्याच्या झाकणावर नको. आणि पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, कधीच नाही. ती फुगते तेव्हा थेट शेलच्या पाठीवर आदळते.

हायवेवाला

रीत चांगली लिहिलीत, तेवढं देतो. पण अल्टोचं उत्तर टाळलंत. आणि उन्हात तीन तास उभ्या गाडीत बकल तापतं, मागे तोंड असलेल्या पोराला एसीचा वाराही लागत नाही, त्यावरही एक शब्द नाही.

बेल्टपथ

अल्टोत सहप्रवाशाची सीट पुढे घ्यावी लागते आणि उंच माणूस तिथे बसू शकत नाही. त्याने मागे, मुलाशेजारी बसावं. मधल्या जागी सीट बसवायची तर तिथे तीन टोकांचा बेल्ट आहे का ते आधी बघा. जुन्या गाड्यांत फक्त कमरेचा असतो, आणि अनेक सीटना तो चालत नाही.

उन्हाचा मुद्दा बरोबर आहे. गाडी उभी करताना सीटवर पांढरी चादर टाका, बसवण्याआधी बकलचा धातू हाताने तपासा, निघण्यापूर्वी दारं उघडून गरम हवा जाऊ द्या आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळ्या वर, छताकडे वळवा. मागच्या खिडकीला जाळीचा पडदा लावा.

हायवेवाला

दोन वर्षांपर्यंत मागे, हे मान्य करतो. स्वीडनसारखं चार वर्षांपर्यंत नाही, ते तिकडेच राहू द्या. आणि मांडीचा मुद्दा मागे घेतो, त्याचा हिशोब चुकीचा म्हणता येत नाही.

कव्हरबंदी

मागच्या बाकाचं कव्हर काढलंत का, ते सांगा आधी.