गरम ॲम्बॅसडर पुन्हा स्टार्ट घेत नाही

प्रश्न: १४८९ सीसी पेट्रोल इंजिन. उन्हात चालवून १० मिनिटं थांबवली की स्टार्टर फिरतो, पण गाडी स्टार्ट घेत नाही. अर्ध्या तासाने एका झटक्यात सुरू. पेट्रोल ओढणारा पंप बदलावा का?

प्रतिसाद १: थांबा, आधी प्लगला ठिणगी बघा, तापलेली कॉइलही (ठिणगीसाठी वीज पुरवणारी) हेच सोंग आणते. ठिणगी असेल तर कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या) घशात डोकवा. आत ओलं, पेट्रोलचा वास? मग फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या साठ्याच्या कप्प्यातलं) पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीत) उतरलंय. या इंजिनात इनटेक-एक्झॉस्ट (मिश्रण आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या) एकाच बाजूला, त्यामुळे कार्ब्युरेटर खालून भाजून निघतो. ॲक्सिलरेटर पंप करू नका. पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. कायमचा इलाज म्हणजे कार्ब्युरेटरखाली ६ ते १० मिमी बेकेलाइटचा स्पेसर (उष्णता अडवणारी चकती), दोन्हीकडे गॅस्केट, लांब स्टड, शिवाय एक्झॉस्टच्या वर ॲल्युमिनियमचा पत्रा.

प्रतिसाद २: घसा कोरडा असेल तर पंपात किंवा पेट्रोलच्या लाइनमध्ये वाफ अडकलीय. पंपावर ओलं फडकं टाका. सुरू झाली तर निदान पक्कं. लाइन एक्झॉस्टपासून लांब न्या. इलेक्ट्रिक पंप लावलाच तर टाकीजवळ, दाब २ ते ३ पीएसआय; जास्त झाला की नीडल (कार्ब्युरेटरची झडप) पेट्रोल अडवू शकत नाही, ते ओसंडतं. ऑइल प्रेशर स्विचमधून (ऑइलचा दाब आला तरच वीज सोडणाऱ्या) वायर घ्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल. वाफ होऊ नये म्हणून पेट्रोलच्या पाइपला कपड्यांचे लाकडी चिमटे लावणं ही निव्वळ करमणूक.