मदत हवी आहे: नायट्रो ऑन-रोड १/१०, पुढचे फोम टायर निमुळते झिजतात, टवके उडतात, गाडी डावीकडे ओढते

खासबाग_नायट्रो

गाडी रिमोट कंट्रोलची, नायट्रो इंधनावर चालणारी, १/१० स्केल, २०० मिमी रुंद टूरिंग, फोर-व्हील, बेल्ट ड्राइव्ह, .१२ (घनइंच) इंजिन, टू-स्पीड (दोन गिअर). पुढे स्पूल (दोन्ही चाकं एकत्र जखडलेली), मागे डिफ (डिफरेन्शियल, चाकं वेगवेगळी फिरू शकतात). चालवायची जागा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं एक खाजगी आवार, मालकाची परवानगी आहे. अर्धं जुनं डांबर, खडी वर आलेली. अर्धं ट्रिमिक्स (व्हॅक्यूमने पाणी काढून केलेलं गुळगुळीत) काँक्रीट. लेआउट घड्याळाच्या दिशेने.

सेटअप: फोमचा कडकपणा पुढे ३५ शोर, मागे ३७. कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) पुढे उणे २.५, मागे उणे २ अंश. पुढे टो-आउट (चाकांची पुढची टोकं बाहेर वळलेली) प्रत्येक बाजूला १.५ अंश. राइड हाइट (चेसिसची जमिनीपासून उंची) पुढे ५, मागे ५.५ मिमी. नवीन टायर ६१ मिमी व्यास पुढे आणि ६२ मागे करून लावले होते. १२ मिनिटं सलग चालवल्यावर व्हर्नियरची मापं अशी:

पुढचा डावा: बाहेरून ५८.९, आतून ५७.६
पुढचा उजवा: बाहेरून ५९.५, आतून ५८.९
मागचा डावा: ६०.८, जवळपास सपाट
मागचा उजवा: ६१.१, सपाट, पण बाहेरच्या कडेचे दोन टवके गेलेत आणि टायर तेलकट आहे

गॅस दिला की गाडी डावीकडे ओढते. सुरुवातीला वळणातून बाहेर पडताना नाक बाहेर जात होतं, शेवटी शेवटी गाडी जड वाटायला लागली आणि इंजिन तापलं. पुढे ३० मिनिटांची फायनल एकाच सेटवर काढायची आहे. शिवाय टायर ट्रू करायचं (घासून अचूक गोल आणि मापात आणायचं) तयार मशीन महाग पडतं, त्याला स्थानिक पर्याय आहे का? कंपाउंड (फोमचा कडकपणा) बदलू का, की आणखी काही?

मिसळ_ऑन_रोड

भावा, ३५ पुढे आणि मे महिन्यातलं दुपारचं डांबर, टायर लोण्यासारखा जाणारच. पुढे ४० लाव, मागचे ३७ राहू दे. साधारणपणे पुढचा फोम मागच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या कडकच ठेवतात, तुझं उलटं आहे. आणि ते एक्झॉस्टचं टोक कुठं तोंड करून आहे ते बघ, मागच्या उजव्यावर तेल तिथूनच येतंय.

शून्य_पॉइंट_एक

कंपाउंड बदला, पण नुसत्या कंपाउंडने हे सुटणार नाही. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. सरासरी काढली तर पुढचा डावा पावणेतीन मिमी गेलाय आणि मागचा डावा १.२. फोर-व्हील नायट्रोत बहुधा मागचा टायर जास्त झिजतो. पुढचा दुपटीहून जास्त जात असेल तर तो घासला जातोय.

त्याआधी एक मोजून सांगा. गाडी स्टँडवर ठेवा, मागची दोन्ही चाकं हाताने एकदम, सारखी फिरवा. चाकांवर खडूची खूण करा. मागची २० फेरे पूर्ण झाली की पुढची किती झाली? पाव फेऱ्यापर्यंत अचूक हवंय. मॅन्युअलमध्ये पुलीचे दात असतात, पण सेकंडहँड गाडीत मधेच कुणी पुली बदललेली असते, म्हणून मोजलेलंच बरं.

खासबाग_नायट्रो

मोजलं सर. मागे २०, पुढे साडेवीस. तीनदा तेच आलं. गाडी सेकंडहँडच आहे.

शून्य_पॉइंट_एक

मग हिशेब सरळ आहे. पुढची चाकं जास्त फिरतात, म्हणून पुढचा टायर त्याच प्रमाणात लहान हवा. २० भागिले २०.५ म्हणजे ०.९७६. मागे ६२ असेल तर पुढे ६०.५. तुम्ही ६१ लावले. अर्धा मिमी क्षुल्लक वाटतो, पण स्पूल असताना पुढचे दोन्ही टायर जमिनीपेक्षा जोरात फिरायचा प्रयत्न करतात, घासतात आणि पकड सोडतात. वळणातून निघताना नाक बाहेर जातं ते त्यामुळे.

आता शेवटची मापं घ्या. मागे सरासरी ६०.९५, त्याला जुळणारा पुढचा ५९.५. तुमचा झालाय ५८.७. म्हणजे सुरुवातीला पुढचे टायर गाडी ओढत होते आणि शेवटी तेच ब्रेक लावत होते. गाडी जड झाली, इंजिन तापलं, ते याच्यामुळे. बेल्टच्या आसपास काळी भुकटी दिसत असेल तर तीही याचीच. कार्ब्युरेटरच्या मिक्श्चर सुईला (इंधनाचं प्रमाण ठरवणारी) हात लावू नका, आधी टायर सरळ करा.

डावीकडे ओढण्याचं कारण तर याहून सोपं. घड्याळाच्या दिशेने चालवलं की वजन डाव्या टायरांवर पडतं, डावे लवकर झिजतात. स्पूलमुळे दोन्ही पुढची चाकं सारखेच फेरे घेतात. उजवं मोठं असल्याने ते जास्त अंतर कापतं आणि गाडी लहान टायरकडे वळते. डाव्या-उजव्यात ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका. रिमोटवरच्या स्टिअरिंग ट्रिमला हात लावून हा दोष झाकू नका, कारण गॅस सोडल्यावर गाडी उलटीकडे जाईल.

आतून निमुळतं होणं हा कॅम्बरचा आणि टो-आउटचा हिशेब. रबर टायर कॅम्बरला थोडा वाकून साथ देतो. फोम रुंद आणि सपाट असतो, तो जमिनीला जसा टेकेल तसाच झिजतो. पुढे उणे १.५ वर या, टो-आउट अर्ध्या अंशावर आणा. पाच मिनिटं चालवा, बाहेर आणि आत दोन्हीकडे मोजा. अजून आतून ०.२ च्या वर कमी येत असेल तर अर्धा अंश आणखी कमी करा. सपाट झिजणारा कॅम्बर हाच त्या जागेचा बरोबर कॅम्बर, मग पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.

मिसळ_ऑन_रोड

एक शंका. डावे-उजवे टायर अदलाबदल केले तर निमुळतेपणा जात नाही का? बरेचजण करतात.

शून्य_पॉइंट_एक

नाही जात. रिमची बाहेरची बाजू बाहेरच राहते, त्यामुळे आतून झिजलेला टायर दुसऱ्या बाजूलाही आतूनच झिजलेला असतो. अदलाबदलीने फक्त दोन बाजूंच्या व्यासातला फरक भरून निघतो आणि फिरण्याची दिशा उलटते. दर सरावानंतर ती जरूर करा, पण निमुळतेपणा काढायचा तर ट्रूच करावा लागतो. तुमचा पुढचा डावा आता ५७.६ पर्यंत उतरवावा लागेल, त्याच्या जोडीला उजवाही. त्या प्रमाणात मागचे ५९ च्या आसपास येतील. सरावाला चालतील, फायनलला नाही.

उद्यमनगर_लेथ

ट्रू करायच्या पर्यायाबद्दल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथची कमी नाही, पण लेथवर टायर नेऊन टूलने कापायला सांगू नका. एकेरी टूल फोम कापत नाही, ओरबाडतो, पृष्ठभागावर खड्डे पडतात. लेथवाल्याकडून फक्त मँड्रेल (चाक बसवून फिरवायचा दांडा) करून घ्या: तुमच्या चाकाच्या मधल्या षटकोनी खाचेत घट्ट बसेल असा, पुढे आटे आणि नट, मागे सरळ दांडा. सोबत रिम घेऊन जा, नुसतं माप सांगून भागत नाही. डायल गेज लावून रनआउट (फिरताना डगमगणं) ०.०५ मिमीच्या आत मागा. मँड्रेल वेडावाकडा असेल तर टायर गोल होईल, पण मँड्रेलच्या केंद्राभोवती, गाडीच्या एक्सलभोवती नाही.

तो मँड्रेल शिकंजात आवळलेल्या ड्रिल मशीनमध्ये बसवा. वेग हजार आरपीएमच्या आतबाहेर पुरे. सपाट ॲल्युमिनियम पट्टीवर ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवा आणि पट्टी दांड्याला समांतर सरकेल असा आधार खाली बांधा. नुसत्या हातात धरलेली पट्टी नक्की तिरकी जाते. एका फेरीत व्यास ०.२ ते ०.३ मिमीच कमी करायचा. घाईने दाबलं की फोम तापून फुगतो, माप बरोबर वाटतं आणि थंड झाल्यावर टायर लहान निघतो. शेवटच्या अर्ध्या मिमीआधी पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग अंतिम माप घ्या. शेवटचा हात १२० नंबरने.

मास्क लावा. ही भुकटी फार बारीक असते, शक्यतो व्हॅक्यूमचा पाइप जवळ ठेवा.

व्हर्नियरबद्दल: फोम दाबला जातो, प्रत्येकाच्या हाताला वेगळं माप येतं. व्हर्नियर हव्या त्या मापावर लॉक करा आणि त्याच्या जबड्यांतून टायर फिरवा. जेमतेम स्पर्श झाला तर माप बरोबर. अडला तर मोठा.

खासबाग_नायट्रो

हे भारी झालं दादा, मँड्रेल टाकतो करायला. टवक्यांचं काय करायचं? आणि तेल?

मिसळ_ऑन_रोड

टवके दोन कारणांनी. ट्रू केल्यावर कड ९० अंशात धारदार राहते, खडीत किंवा कडेच्या पाइपला अडकली की फाटली. पॉलिश पेपरने दोन्ही कडांना दीड-दोन मिमीची गोलाई द्या. मग साइडवॉलला पातळ सुपर ग्लूचा हात, पुढच्या टायरला बाहेरून तर हवाच. बोटाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून पातळ पसरा, जाड थर नको. जमिनीला टेकणाऱ्या भागावर थेंब गेला तर तिथे काच होते, लगेच घासून काढा. टायर झिजत जातो तशी ग्लूची कड वर येते, ती दर वेळी घासायची. उघड्या जागी करा, डोळ्यांना वाफ लागते. यामुळे पुढची पकड किंचित कमी होते, काँक्रीटवर गाडी उलटत असेल तर तोही फायदाच.

दुसरं कारण जुना, वाळलेला फोम. नखाने दाबून लगेच वर येत नसेल, वर बारीक भेगा असतील, तर तो सराव सेट.

तेलासाठी आधी एक्झॉस्टच्या टोकाला सिलिकॉन नळीचा तुकडा लावून तोंड बाहेर आणि खाली वळवा. टायर कोरड्या कापडाने टिपा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. थेट टायरवर ओतू नका. पेट्रोल, थिनर, रॉकेल अजिबात नाही. फोम फुगतो आणि रिमवरचा गोंद सुटतो. तेल खोल मुरलं असेल तर वरचा अर्धा मिमी काढून टाकावा लागतो, आणि मग त्याचा जोडीदारही तेवढाच.

ट्रिमिक्सवर पकड वाढवायला लोक साखरपाणी मारतात. कोल्हापुरात साखरेला तोटा नाही, पण दुसऱ्या दिवशी आवारमालकाला मुंग्यांचा हिशेब द्यावा लागेल. त्यापेक्षा रेषेवरून कडक झाडू आणि ब्लोअर. टायरला लावायचं सॉस (पकड वाढवणारं द्रव) धुळीच्या जागी टाळा, धूळ चिकटून फोमचा पॉलिश पेपर होतो. काही स्पर्धांत त्यावर बंदीही असते.

शून्य_पॉइंट_एक

आता ३० मिनिटं. कॅम्बर, टो आणि प्रमाण दुरुस्त केल्यावर पाच मिनिटं शर्यतीच्या वेगाने चालवा आणि झीज मोजा. समजा मागे ०.६ आणि पुढे ०.४ आली. मग ३० मिनिटांत मागे ३.६, पुढे २.४. मागे ६३ ने सुरू केलं तर शेवटी ५९.४. दोघांतला फरक शर्यतभर बदलत जाणार, म्हणून योग्य फरक मधल्या वेळी पडेल असं जमवायचं. तुमच्या पुलीला साधारण दीड मिमी हवा. पुढे ६०.९ ने सुरुवात करा: सुरुवातीला फरक २.१, मध्यावर १.५, शेवटी ०.९. शेवटी नाक थोडं बाहेर जाईल, ते अपेक्षित धरा.

राइड हाइट व्यासाच्या निम्म्याने उतरते. मागे ३.६ झिजलं की चेसिस १.८ मिमी खाली. ५.५ वर सुरुवात केलीत तर शेवटी ३.७, आणि त्या खडीवर चेसिस घासणार. मागे ६.५, पुढे ६ ने सुरू करा. पहिली पाच मिनिटं गाडी उंच आणि आळशी वाटेल, सहन करा.

गिअरिंगही सरकतं. ६३ चा ५९.४ झाला की परीघ जवळजवळ पावणेसहा टक्के कमी, सरळ पट्टीवर इंजिन तेवढं जास्त फिरतं. टू-स्पीडचा क्लच गिअरबॉक्सच्या आरपीएमवर लागतो, त्यामुळे टायर लहान झाल्यावर दुसरा गिअर गाडीच्या कमी वेगाला पडतो. शिफ्टचा स्क्रू मधल्या व्यासावर, म्हणजे ६१ च्या आसपासच्या टायरवर सेट करा. नव्या ६३ वर अचूक लावलात तर शेवटी वळणाच्या मध्यावर गिअर पडून मागचं टोक सुटेल.

झीज पाच मिनिटांना १ मिमीच्या वर येत असेल तर एक सेट पुरणार नाही. ७५ सीसीच्या टाकीला इंधनासाठी थांबावं लागतंच. त्यातल्या एका थांब्याला मागचे दोन बदलायचे ठरवा, आणि बदलायचे टायर सुरुवातीच्या नाही, त्या वेळी पुढच्या टायरच्या अपेक्षित मापाला जुळतील असे ट्रू करून ठेवा.

खासबाग_नायट्रो

पुढे ४०, मागे ३७, पुढचा कॅम्बर उणे १.५, टो-आउट अर्धा अंश. ६०.५ आणि ६२ ने पाच मिनिटं काढली. झीज पुढे ०.४, मागे ०.५. पुढच्या डाव्यात आत-बाहेर फरक ०.१. ओढणं बंद. एक्झॉस्टला नळी लावली, टायर कोरडा आहे.

शेवटचं, पावसाळ्यात चार महिने सेट कसे ठेवायचे?

उद्यमनगर_लेथ

पुसून, पूर्ण कोरडे करून प्रत्येक जोडी झिप पिशवीत, हवा दाबून काढा. पिशवीवर व्यास, शोर, डावा-उजवा आणि तारीख. घराच्या आतल्या कपाटात ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा खिडकीच्या उन्हात नको. टायर जमिनीला टेकणाऱ्या बाजूवर उभे ठेवू नका, आडवे ठेवा. गाडीत बसवलेले असतील तर गाडी स्टँडवर, नाहीतर खालची बाजू चपटी होते. ऑक्टोबरात बाहेर काढल्यावर आधी रिमच्या कडेला गोंद सुटलाय का बघा, मग ०.२ चा हलका हात मारून वरचा कडक थर काढा.

ॲल्युमिनियम पट्टी घेताना सरळपणा तपासून घ्या. भंगारातली बऱ्याचदा वाकलेली असते.