कन्सोलच्या खोक्यात काय नाही, ते कोण सांगणार?

लालबागकर_७७
मंडळी, जरा मन मोकळं करतो. पोरगा दहावीला ८५ च्या वर गेला तर गेमचं मशीन घेऊन देईन असं मीच बोलून बसलेलो, त्याने ८७ पाडले, मग शब्द दिलाय म्हटल्यावर शनिवारी दुकान गाठलं (नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको). पीएस५, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ५, म्हटलं तर त्याने दोन खोकी काढली, एक महाग आणि एक जवळजवळ दहा हजारांनी स्वस्त. फरक काय विचारलं तर म्हणे "सेमच आहे साहेब, फक्त हे डिजिटल आहे". आता डिजिटल म्हटल्यावर माणूस काय समजणार? घड्याळ डिजिटल, लाईटचा मीटर डिजिटल, मला वाटलं हे नवीन मॉडेल असेल. घेतलं. घरी आईने आधी हळदकुंकू लावलं, मग खोकं फोडलं. पुतण्या दोन गेमच्या डिस्क घेऊन आलेला. आम्ही चौघं मोबाईलचा टॉर्च मारून डिस्क टाकायची फट शोधतोय, पुढून, मागून, उलटं करून. फटच नाही!! पोरगा काही बोलला नाही, डिस्क परत कव्हरात ठेवली आणि कव्हर टीव्हीच्या बाजूला सरळ करून ठेवलं. तेच जास्त लागलं राव.

माझं म्हणणं एवढंच, खोक्यात जे नाही ते समोर मोठ्या अक्षरात लिहायला लावा. "यात डिस्क चालत नाही." चार शब्द. सिगारेटच्या पाकिटावर फोटोसकट छापतात, इथे काय जातंय?

खडूस_गिरगावकर
नाही पटत. खोक्यावर डिजिटल एडिशन लिहिलेलं असतं, म्हणजे डिस्क नाही, गेम नेटवरून उतरवायचे, आत काय काय आहे तेही छापलेलं असतं. नुसता फोटो बघितला तरी कळतं, डिस्कवाल्याचं एका बाजूचं पोट बाहेर आलेलं असतं आणि डिजिटलचं नाही. तुम्ही आम्ही बाजारात पापलेटचा गलफडा उघडून बघतो, दहा रुपयांची कोथिंबीर घेताना वर मिरची मागतो, आणि ४५ हजार मोजताना फोनवर पाच मिनिटं शोधायला होत नाही? चूक तुमची आहे, दादा. राग आला तरी चालेल.

लालबागकर_७७
राग नाही आला, पण कोळीण तरी "हा बर्फातला आहे हो" असं विचारल्यावर खरं सांगते. मी विचारलेलं ना! त्याने "सेम" म्हटलं.

काउंटरवरचा_पोरगा
मी अशाच एका दुकानात काम करतो, वेस्टर्न लाईनला, त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातो. सेम म्हणणारा चुकलाच, पण गिऱ्हाईक काय विचारतं माहितीय? "फ्री काय देणार?" शंभरातले नव्वद तेच विचारतात. आत काय आहे हे कोणी विचारत नाही. तर ऐका, स्लिमच्या (पीएस५ चं नंतर आलेलं बारीक मॉडेल) खोक्यात मशीन, एकच कंट्रोलर (खेळायचा रिमोट), एचडीएमआय केबल, पॉवर केबल, कंट्रोलर चार्ज करायची यूएसबी केबल, कागदपत्रं आणि प्लास्टिकचे दोन छोटे पाय. हे पाय लोक पॅकिंग समजून कचऱ्यात टाकतात आणि आठवड्याने येऊन विचारतात मशीन डुगडुगतं का. २०२० च्या पहिल्या मॉडेलबरोबर आडवंउभं दोन्ही ठेवता येईल असा स्टँड यायचा, स्लिममध्ये उभं करायचा स्टँड वेगळा विकत. एक गेम मात्र आत आधीच टाकलेला असतो, अॅस्ट्रोज प्लेरूम, त्याला डिस्क नको काही नको. काका, पोराला तो दाखवला का?

लालबागकर_७७
दाखवायचा कसला, त्यानेच शोधून काढला. रात्री दीडपर्यंत तोच चालू होता. पण घरात पोरं दोन आणि कंट्रोलर एक, त्यावरून रोज महाभारत!

जुनी_कॅसेट
आमच्या वेळी बरं होतं. नव्वदच्या दशकात ते कॅसेटवालं मशीन आणलं की दोन रिमोट, एक बंदूक, वर एक कॅसेट ज्याच्यावर ९९९९९९ गेम लिहिलेलं. चाळीतली सगळी पोरं आमच्याकडे. आता सगळं तोडून तोडून विकतात.

खडूस_गिरगावकर
त्या ९९९९९९ मधले वेगळे गेम किती होते ते पण सांगा की 😄 तेच पाच-दहा गेम नाव बदलून. म्हणजे खोक्यावर तेव्हाही खोटंच छापायचे, फक्त उलट्या बाजूने. आणि पूर्वी सगळं मिळायचं ही पण अफवाच. पीएस२ बरोबर मेमरी कार्ड यायचं नाही, ८ एमबीचं वेगळं घ्या, नाहीतर मशीन बंद केलं की खेळ पहिल्यापासून. २००६ ची पीएस३ एवढी एचडी एचडी म्हणून गाजवली आणि आत केबल कुठली, तर लाल-पांढरी-पिवळी, जिच्यातून एचडी चित्र येतच नाही. एचडीएमआय आपली आपण आणा. काढून घ्यायची सवय जुनी आहे, म्हणूनच म्हणतो, वाचा.

मुलुंडची_आई
खडूसभाऊ, वाचून सगळं कळतं असं तुम्हाला वाटतं, मी वाचून घेतलेलं. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स सिरीज एस. त्यात डिस्क नाही हे माहीत होतं, चालेल म्हटलं. पण खोक्यावर ५१२ जीबी आणि प्रत्यक्षात गेमसाठी मिळतात ३६४ च्या आसपास, बाकीचे मशीन स्वतःलाच ठेवून घेतं. आजकाल एकेक गेम शंभर जीबीचा, म्हणजे तीन-साडेतीन गेम की घर भरलं. मुलगा एक गेम पुसतो, दुसरा उतरवतो, आणि माझी ऑफिसची मीटिंग अडकते. त्याच्या कंट्रोलरला घड्याळाच्या रिमोटसारखे दोन पेन्सिल सेल, चार्जिंगची बॅटरी वेगळी. ते तरी खोक्यात सेल देतात. पण सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे ऑनलाइन खेळायची वर्गणी. विकतचा गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तर बहुतेक वेळा वर्गणी भरा, फोर्टनाईटसारखे फुकटातले तेवढे सुटतात. हे मला किंमत विचारली तेव्हा कोणीच सांगितलं नाही. खोक्याची किंमत म्हणजे नुसती हॉलची अॅडव्हान्स, केटरर वेगळा.

विरार_फास्ट
मी उलटं बोलतो, शिव्या घाला. काढून विकतात तेच बरं आहे. मी डिस्क वापरत नाही, मग मी ड्राइव्हचे पैसे का भरू? मला उभा स्टँड नको, माझ्या १८० स्क्वेअर फुटात टीव्हीखाली आडवंच बसतं. एक कंट्रोलर पुरतो. सगळं खोक्यात कोंबलं असतं तर तेच मशीन साठच्या वर गेलं असतं आणि माझ्यासारखा ईएमआयवाला बाहेरूनच बघत बसला असता. थाळी नको असेल त्याला राईसप्लेट मिळायला पाहिजे ना.

मुलुंडची_आई
राईसप्लेट मिळू दे हो, पण बोर्डावर थाळीचा फोटो नको.

ग्रँटरोडचा_भाऊ
डिजिटल स्वस्त हा हिशोब तपासा जरा. स्लिम इथे २०२४ च्या एप्रिलमध्ये आली तेव्हा डिस्कवाली ५४,९९० आणि डिजिटल ४४,९९०. दहा हजार वाचले. आता नवा मोठा गेम ऑनलाइन दुकानातून ४,९९९ ला घेतला, संपवला, की तो तिथेच पडून. विकता येत नाही, मित्राला देता येत नाही. डिस्क असेल तर खेळा, लॅमिंग्टन रोडच्या बाजारात फिरवा किंवा नेटवर विका, त्यात थोडे घाला, पुढची घ्या. वर्षाला पाच-सहा गेम खेळणाऱ्याचे ते दहा हजार कधी निघून जातात कळत पण नाही. वर्षाला एक फुटबॉलचा गेम घेणाऱ्याने मात्र डिजिटलच घ्यावं, तिथे विरारवाला बरोबर आहे.

विरार_फास्ट
मी ते एकच घेतो 😂 तोपण सेलमध्ये.

जुनी_कॅसेट
बाहेरून आणलेल्याची पण कथा लिहा कोणीतरी. निंटेंडो, ती जपानी गेमवाली कंपनी, इथे अधिकृत विकतच नाही. भाच्याने त्यांचं स्विच २ मशीन जपानहून मागवलं, स्वस्त पडलं म्हणून खूश. ४९,९८० येनवालं. त्या स्वस्त मॉडेलमध्ये भाषा फक्त जपानी!! मेन्यू उघडला की पोरगा चित्र बघून अंदाजाने दाबतो. प्लग चपट्या दोन पिनांचा, त्याला घरातला मोबाईलचा जुना अडॅप्टर लावलाय, आणि वॉरंटी म्हणजे राम भरोसे.

काउंटरवरचा_पोरगा
म्हणून खोक्यावरचा स्टिकर बघायचा. कायद्याने आयात मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, कुठल्या देशात बनलं, तक्रारीचा नंबर, हे सगळं लागतं. स्टिकर नसेल तर माल कुठून आला ते समजून जा.
लालबागकर काका, तुमच्यासाठी एक. तुमचं स्लिम आहे ना? मग डिस्क ड्राइव्ह वेगळा मिळतो. बाजूचं कव्हर काढायचं आणि खटकन बसवायचा, पहिल्यांदा एकदा इंटरनेट लागतं जोडायला, बस. २०२० चं जुनं डिजिटल असतं तर ते पण जमलं नसतं.

लालबागकर_७७
म्हणजे वाचलेले दहा हजार परत तिथेच घालायचे. वा!

मुलुंडची_आई
घाला, पण आधी त्या दुकानात जाऊन भांडा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाबद्दल तोंडी खोटं सांगणं पण अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. ऐकलं नाही तर १९१५ ला फोन करा, ग्राहक हेल्पलाईन आहे.

खडूस_गिरगावकर
तोंडी सिद्ध कसं करणार ते विचारा. तिथे "सेम आहे" रेकॉर्ड करून ठेवलंय का कोणी? खोकं फोडलंय, वर हळदकुंकू पण लागलंय, तो बदलून देणार? पण प्रयत्न करा, ड्राइव्हवर काहीतरी कमी करेल. चूक तुमची आहे असं मी वर म्हटलेलं, ते मागे घेतो. विचारलेलं तुम्ही.

लालबागकर_७७
रविवारी पोरालाच घेऊन जातो. तो विचारेल, मी नुसता बाजूला उभा राहीन. खडूसभाऊ, गिरगावातून बस आहे, येताय का गलफडा बघायला?

खडूस_गिरगावकर
येतो. पण आधी बिल शोधून ठेवा, आणि ते दोन प्लास्टिकचे पाय कचऱ्यात गेले नाहीत ना ते बघा.

लालबागकर_७७
थांबा, बघतो.
...
गेले.