‘व्हल्नरेबल’ म्हणजे दुर्बल? मला नाही पटत

पाटीपेन्सिल : कर्जतकडच्या एका कातकरी वाडीसाठी पत्रक मराठीत आणायचं होतं. इंग्रजीत दर दोन ओळींमागे ‘व्हल्नरेबल’. मी सरसकट ‘दुर्बल’ लिहून मोकळी झाले. वाडीवर वाचून दाखवलं, तर सरपणाची मोळी उतरवून बसलेली एक बाई हसायलाच लागली. "दुर्बल कोण? ही उचल बघू." मला ती जागची हलली नाही!
लॅटिन ‘व्हुल्नस’ म्हणजे जखम. ज्याला घाव बसू शकतो तो व्हल्नरेबल. अंगातल्या ताकदीचा त्यात संबंध कुठे? ही बाई दिवाळीनंतर मालकाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन वीटभट्टीवर जाते. हिशेब मालकाच्या वहीत, घराखालची जागा दुसऱ्याच्या नावावर. दुर्बल म्हटलं की खोट तिच्यात निघते आणि घाव घालणारा नामानिराळा. हा शब्द बंद करा.

दप्तरी : बंद करून लिहायचं काय? ‘दुर्बल घटक’ रूढ आहे, संविधानाच्या कलम ४६ मध्ये आहे. टिपणी संध्याकाळी वर पाठवायची असते, लॅटिन कोण उकरत बसणार?

पाटीपेन्सिल : कलम ४६ मध्ये इंग्रजीत ‘वीकर’ आहे हो, तिथे दुर्बल ठीकच. पण २००६ मध्ये केंद्राने काही आदिवासी जमातींच्या सरकारी गटाच्या नावातला ‘प्रिमिटिव्ह’ काढून ‘पर्टिक्युलरली व्हल्नरेबल’ घातलं. आपल्याकडे त्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. मराठीत अजून सर्रास ‘आदिम’ चालतं. आहे का रूढ शब्द?

शून्यएक : माझा विरोध वेगळ्या कारणाने. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हल्नरेबिलिटी म्हणजे प्रोग्राममधलंच भोक. कुणी हल्ला करो न करो, ते असतंच. म्हणजे खोट आतली. तुमचं लॅटिन इथे लंगडं पडतं.

पाटीपेन्सिल : प्रोग्रामपुरतं मान्य.

माजघर : त्या भोकाला मराठीत ‘वर्म’ म्हणतात की! दुर्योधन काय दुर्बल होता? मांडीपुरता उघडा राहिला, एवढंच. कृष्णाला बाण लागला तो पायाला.

शून्यएक : वर्म छान आहे, पण विशेषण करून दाखवा. ‘वर्मी कुटुंबे’?

बाबा_अजून_शिकतोय : मुलगी परवा फोनवर म्हणाली, "बाबा, कधीतरी व्हल्नरेबल व्हा ना." वरचं वाचून वाटतंय, जखमी होऊ की काय!

माजघर : मन उघडं करा म्हणतेय ती. हळवं होणं वेगळं, हळवे तर तुम्ही असालच.

बाबा_अजून_शिकतोय : मग ‘मनातलं बोला’ म्हणायचं. तेवढं मला जमलं असतं.

दप्तरी : गप्पा झाल्या. पत्रकात शेवटी काय छापलंत?

पाटीपेन्सिल : ‘ज्यांना पहिला फटका बसतो अशी कुटुंबं’. त्याच बाईला वाचून दाखवलं. "हां, ते आम्हीच," म्हणाली.

दप्तरी : सहा शब्द! आमच्या तक्त्याच्या रकान्यात दोन मावतात.