इंग्रजी मजेसाठी वाचायचं तर सोप्या पायरीपासून, की थेट हवं ते पुस्तक?

पंचगंगेकाठी

कोल्हापुरात मराठी माध्यमातून शिकलेली कितीतरी माणसं रोज इंग्रजी वाचतात. टेंडर, ईमेल, बँकेचे कागद, स्पर्धा परीक्षेची गाईडं. पण रात्री जेवण झाल्यावर निवांत बसून इंग्रजी पुस्तक वाचणारी फार थोडी. इंग्रजी कच्चं म्हणून असं होतं, असं सगळे धरून चालतात. मला खोट पुस्तकाच्या निवडीत दिसते.

हिशोब बघा. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 साली मांडलं, की कोशाशिवाय इंग्रजी कादंबरी नीट समजायची तर त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात, आणि तेवढ्यासाठी 8 ते 9 हजार शब्दकुळं यावी लागतात. (हेल्प, हेल्पर, हेल्पफुल हे सगळं मिळून एक कुळ.) 300 शब्दांच्या पानावर 98 टक्के म्हणजे 6 अनोळखी शब्द. 95 टक्क्यांवर ते 15 होतात. एका पानात पंधरा वेळा अडखळल्यावर गोष्ट कुठली लक्षात राहणार?

म्हणून पायऱ्यांची पुस्तकं घ्या, म्हणजे ठरावीक शब्दांत सोपी करून लिहिलेली. ऑक्सफर्ड बुकवर्म्स मालिकेत पहिल्या पायरीला 400 मूळ शब्द, मग 700, 1000, 1400, 1800 आणि सहाव्या पायरीला 2500. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि नंतर इंग्रजीशी फक्त कामापुरता संबंध असेल, तर तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा. पदवी आहे म्हणून पाचवी उचलू नका, सगळ्यात जास्त माणसं तिथंच गळतात.

रोज 20 मिनिटं पुरेत. मिनिटाला 100 शब्दांचा संथ वेग धरला तरी 2000 शब्द होतात, म्हणजे साधारण सात पानं. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं ठिपका द्या (पुस्तक वाचनालयाचं असेल तर वहीत पान क्रमांक) आणि पुढं चला. प्रकरण संपल्यावर जो शब्द तीनदा आडवा आला, तेवढाच कोशात बघा. आणि पुस्तक कंटाळवाणं निघालं तर खुशाल परत करा. अर्धवट सोडण्याची मुभा नसेल तर तो अभ्यासच झाला.

उत्तरेश्वर_पेठ

साफ असहमत. सोपं करून लिहिलेलं पुस्तक म्हणजे पाणी घातलेला पांढरा रस्सा. मूळ लेखकाचं वाक्य, त्याची लय, त्याचं वर्णन सगळं काढून नुसतं कथानक उरतं. चाळीस वर्षांच्या, मराठीत भरपूर वाचलेल्या माणसाला 1000 शब्दांतली गोष्ट द्याल, तर दुसऱ्या दिवशी तो ती उघडणार नाही. भाषा सोपी असून भागत नाही, मजकूर वाचणाऱ्याच्या वयाला शोभला पाहिजे.

शिवाय 98 टक्क्यांचा हिशोब विषयाची ओळख जमेस धरत नाही. पेठेतल्या फुटबॉलच्या नादातला पोरगा घ्या. ऑफसाइड, पेनल्टी, मिडफिल्ड, काउंटर अटॅक हे शब्द त्याच्या तोंडी आहेतच, आणि सामना टीव्हीवर पाहिलेला असतो. त्याच सामन्याचा इंग्रजी वृत्तांत त्याच्यापुढं ठेवा. मधले दहा-वीस शब्द अडले तरी काय झालं असणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो पुढं जातो. कुस्ती, स्वयंपाक, मोटारसायकल, शेअर बाजार, ज्याला जो नाद असेल तिथून सुरुवात करावी. नाद आहे तिथं माणूस अवघड वाक्य दोनदा वाचतो, आणि ते ओझं वाटत नाही.

कादंबरीच हवी असेल तर मराठी अनुवाद आधी वाचलेली घ्या. कथानक माहीत असल्यानं सगळं लक्ष वाक्याकडे जातं. रहस्यकथा मात्र अशी वाचू नका, खुनी माहीत झाला की पान उलटायचं कारणच संपतं.

शब्दांची_शिदोरी

दोघांच्याही हिशोबात एक भोक आहे, आणि त्याकडं कुणी बघत नाही. 'पुट अप विथ' घ्या. 'पुट', 'अप', 'विथ' तिन्ही शब्द पाचवीच्या पोराला येतात. अर्थ मात्र 'सहन करणं'. 'लेट डाउन', 'मेक अप फॉर', 'गेट अवे विथ' यांचंही तसंच. वाचणारा हे शब्द ओळखीचे म्हणून मोजतो, ठिपका देत नाही, आणि वाक्याचा उलटा अर्थ घेऊन पुढं जातो. पन्नासाव्या पानावर एखादं पात्र असं विचित्र का वागतंय ते कळेनासं होतं आणि पुस्तक मिटतं. पायरीच्या पुस्तकांत असे प्रयोग जपून वापरलेले असतात. खरी कादंबरी संवादांनी भरलेली असते, आणि संवादात हेच जास्त.

म्हणून 'ठिपका द्या आणि पुढं चला' हा सल्ला मला घातक वाटतो. शब्द ओळखीचे असून वाक्य जुळत नसेल, तर तिथंच थांबून क्रियापद आणि त्यामागचं अव्यय जोडीनं शोधा. कोश शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजीच घ्या. लाँगमनच्या अशा कोशात सगळे अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांत दिलेले असतात. मोबाइलवर शब्द दाबून धरला की बहुतेक वेळा एकट्या 'पुट'चा अर्थ पुढ्यात येतो, त्याचा इथं काही उपयोग नाही.

हलगी_वाजव

दुसरी भाषा म्हणजे इंग्रजीच, हे कुणी ठरवलं ओ? कोल्हापूरकराला हिंदी हाताशी आहे. लिपी तीच, वाक्यात क्रियापद शेवटी तेही तसंच, त्यामुळं पहिल्या दिवसापासून वेग मिळतो. फसवे शब्द तेवढे सांभाळायचे: हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'संसार' म्हणजे जग. आधी हिंदीत पाचशे पानं मजेत होऊ देत. परक्या भाषेत रमता येतं हा भरवसा बसला की इंग्रजीची भीती आपोआप कमी होते.

कन्नडही शेजारीच आहे, निपाणी काय लांब नाही. पण तिथं लिपी नवी, आणि प्रत्यय शब्दाला चिकटतात: 'मने' म्हणजे घर, 'मनेयल्लि' म्हणजे घरात. मूळ शब्द सोडवता येईपर्यंत कोशात काही सापडत नाही. ते वर्षभराचं काम.

पंचगंगेकाठी

शिदोरीताई, क्रियापदाच्या जोड्यांचा मुद्दा मान्य. माझा नियम बदलतो: अनोळखी शब्द सोडा, पण न जुळणारं वाक्य सोडू नका.

हिंदीचंही पटतं. मात्र इंग्रजीत आणखी एक अडचण उरतेच. मराठीत 'काल भेटलेला माणूस' म्हणताना वर्णन आधी येतं, इंग्रजीत माणूस आधी आणि तो कोण ते मागून. डोळा सवयीनं उलटा फिरतो, वाक्य परत वाचतो. यावर ध्वनिपुस्तक बरोबर लावणं हा चांगला उपाय आहे. त्यातला आवाज थांबत नाही, म्हणून डोळ्यालाही मागं जाता येत नाही. नेहमीचा वेग मिनिटाला सुमारे 150 शब्द असतो, सुरुवातीला तो पाऊणपट करा.

उत्तरेश्वरदादा, पाणी घातलेला रस्सा म्हणालात, पण ही पुस्तकं मुळात कुणासाठी झाली ते बघा. मायकेल वेस्ट 1920च्या दशकात ढाक्यात शिक्षणाचं काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याची गरज जास्त, आणि त्यांच्या क्रमिक पुस्तकांत नवे शब्द भारंभार, हे पाहून त्यांनी दुर्मीळ शब्द गाळून, नवे शब्द लांब लांब पेरून वाचनमाला तयार केल्या. म्हणजे आपल्यासारख्याच वाचकासाठी काढलेला तोडगा आहे हा. सहा महिन्यांची शिडी म्हणून वापरा, मग सोडा.

वाचनालय_बुधवार

पुस्तकं विकत घेऊन बघू नका एवढंच सांगते. पुस्तक सोडून देण्याची मुभा हवी असेल तर ते उसनं असलेलं बरं. तीनशे रुपये मोजले की माणूस हट्टानं ओढत बसतो. वाचनालयांच्या बाबतीत कोल्हापूर मागं नाही: करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासूनचं, आणि सार्वजनिक वाचनालयांचा देशातला पहिला कायदा 1945 साली याच संस्थानात झाला. एका वेळी दोन इंग्रजी पुस्तकं आणा, एक सोपं, एक नादाचं.

आणि घरात मुलं असतील तर वाचून झाल्यावर 'सांग बघू काय कळलं' असं विचारू नका. त्या एका प्रश्नानं पुस्तकाचा धडा होतो.

उत्तरेश्वर_पेठ

शिडी मान्य, सहा महिने नाही. तिसऱ्या पायरीची चार पुस्तकं झाली की खरं पुस्तक हातात घ्या आणि पहिली तीस पानं नेटानं काढा. पात्रांची नावं, गावं, लेखकाचे लाडके शब्द सगळे तिथंच पहिल्यांदा भेटतात, म्हणून ती सगळ्यात जड. नावं खुणेच्या कागदावर लिहून ठेवा. तिसाव्या पानानंतरही पानाला दहाच्या वर शब्द अडत असतील तर ठेवून द्या. सहा-सातवर आले असतील तर त्याच लेखकाचं पुढचं पुस्तक आत्ताच सांगून ठेवा, त्याचे शब्द तुमचे झालेले असतात.